वाळपईतून परदेशी सर्व्हरवर काम: कोड एडिटर कसा निवडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही गोव्यातल्या वाळपईत घरून काम करता. ग्राहक जर्मनीतला आहे, कोड त्याच्या फ्रँकफर्टमधल्या लिनक्स सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हरबाहेर न्यायची सध्या परवानगी नाही. लॅपटॉप विंडोजचा, रॅम ८ जीबी. घरी फायबर आहे, पण जूनपासून चवथीपर्यंत ना विजेचा भरवसा ना लाइनचा, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभावून न्यावं लागतं. प्रोजेक्ट नोड आणि रिअ‍ॅक्टचा आहे, त्यात व्हीट (कोड चालवून ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) वापरलं आहे. आतापर्यंत तुम्ही सर्व्हरवरचा फोल्डर एसएसएचएफएसने लॅपटॉपवर माउंट करून, म्हणजे तो लॅपटॉपवरच असल्यासारखा जोडून, व्हीएस कोडमध्ये उघडत होता आणि ते असह्य हळू चालतं. तेव्हा व्हीएस कोडच ठेवावा, की निओव्हिम, जेटब्रेन्स किंवा झेड या दुसऱ्या एडिटरांकडे जावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर सांगतो. रोजच्या कामासाठी व्हीएस कोडचं रिमोट-एसएसएच एक्स्टेन्शन (दूरच्या सर्व्हरवर काम करू देणारी जोड) घ्या, सर्व्हरवर टीमक्स (लाइन तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारं साधन) कायम चालू ठेवा, आणि हॉटस्पॉटच्या दिवसांसाठी मॉशमधून (खराब लाइनवर टिकणारी सर्व्हरची जोडणी) निओव्हिम, म्हणजे टर्मिनलात चालणारा एडिटर, वापरायची सवय करून ठेवा. एसएसएचएफएस आजच बंद करा. यामागची कारणं मात्र नीट समजून घ्या, कारण ग्राहक बदलला किंवा सर्व्हर बदलला की हेच उत्तर जसंच्या तसं चालणार नाही.

सुरुवात अंतरापासून करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. गोव्यापासून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १३ हजार. सगळं आदर्श असलं तरी एका फेरीला ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल समुद्राखालून वळसे घेत जाते आणि वाटेत राउटर लागतात, त्यामुळे पिंग केल्यावर दीडशेच्या आसपासचा आकडा दिसला तर नवल नाही. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेला तरी हा वेळ घटत नाही. पुष्कळ जण इथेच पैसे घालवतात. वेग आणि विलंब ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुमचं दुखणं विलंबाचं आहे.

आता एसएसएचएफएसमध्ये नेमकं काय होतं ते पाहा. तुम्ही व्हीएस कोडमध्ये फोल्डर उघडला की त्यातलं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एक्स्टेन्शन मागच्या मागे गिट स्टेटस चालवतं. गिटला प्रत्येक फाइलची तारीख आणि आकार तपासायचा असतो. डिस्क लॅपटॉपमध्ये असेल तर हे चुटकीसरशी होतं. डिस्क फ्रँकफर्टला असेल तर प्रत्येक चौकशी समुद्रापार जाऊन परत येते. ५ हजार फाइली एकामागून एक विचारल्या आणि फेरीला १५० मिलिसेकंद लागले, तर साडेबारा मिनिटं होतात. कॅशिंग आणि समांतर विनंत्या यांमुळे एवढा वेळ लागत नाही हे खरं, पण नोड मॉड्यूल्सच्या (बाहेरून आणलेल्या लायब्ररींच्या) फोल्डरात हजारो फाइली असतात आणि टाइपस्क्रिप्टला त्यातल्या टाइप डेफिनिशनच्या फाइली उघडून वाचायच्याच असतात. म्हणून एक शब्द लिहिला की सूचना यायला इतका उशीर होतो. यात व्हीएस कोडचा दोष नाही. फाइली वाचणारा प्रोग्रॅम डिस्कपासून इतक्या लांब बसवला, हा मांडणीचा दोष आहे.

एडिटरची फीचरं मोजत बसण्याआधी म्हणूनच मी तीन गोष्टी विचारतो. की दाबली की अक्षर कुठे उमटतं, आपल्या लॅपटॉपवर की सर्व्हरला जाऊन आल्यावर? फाइली वाचणारं, शोधणारं, कंपाइल करणारं यंत्र डिस्कच्या शेजारी आहे का? आणि लाइन तुटली तर चालू असलेलं काम जिवंत राहतं का? तिसरा प्रश्न मुंबई-पुण्याचे लोक सहसा विचारत नाहीत. वाळपईच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाने तोच आधी विचारायला हवा.

रिमोट-एसएसएच पहिल्या दोन्ही कसोट्यांना उतरतं. मायक्रोसॉफ्टने ही एक्स्टेन्शनं २०१९च्या मे महिन्यात आणली. एडिटरची खिडकी लॅपटॉपवर राहते, त्यामुळे टाइप करताना विलंब जाणवत नाही. पहिल्यांदा जोडलं की सर्व्हरवर तुमच्या होम फोल्डरात व्हीएस कोड सर्व्हर उतरतो, आणि भाषेची मदत, लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन), शोध, गिट, टर्मिनल हे सगळं तिथे चालतं. थीम, आयकॉन, कीमॅप अशी एक्स्टेन्शनं लॅपटॉपवर राहतात; ईएसलिंट, प्रेटियर, टाइपस्क्रिप्ट सर्व्हरवर जातात. तुमच्या ८ जीबी रॅमचा प्रश्नही यातच सुटतो, कारण जड काम लॅपटॉपवरून उठतं.

जड काम उठतं म्हणजे ते सर्व्हरवर जाऊन बसतं, आणि गडबड नेमकी तिथे होते. अधिकृत अट किमान १ जीबी रॅमची आहे, २ जीबी आणि दोन कोअर असावेत अशी शिफारस आहे. रिअ‍ॅक्टच्या खऱ्या प्रोजेक्टसाठी मी २ जीबीवर समाधान मानणार नाही, ४ जीबी मागा. टाइपस्क्रिप्टच्या भाषा-सर्व्हरला (कोड वाचून सूचना आणि चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) व्हीएस कोड मूळ सेटिंगमध्ये ३०७२ एमबीपर्यंत मेमरी घेऊ देतो. २ जीबीच्या यंत्रावर तो वाढत गेला की लिनक्सचा कर्नल मेमरी मोकळी करायला सहसा सर्वांत मोठी प्रोसेस निवडून मारतो, आणि ती तुमची टाइपस्क्रिप्टची प्रोसेस असेल याची खात्री नाही. शेजारी चालणारा डेटाबेसही बळी पडू शकतो. मग ‘एडिटर उघडला की साइट बंद पडते’ अशी तक्रार येते आणि कुणाला कारण सापडत नाही. म्हणून सेटिंगमध्ये टीएस-सर्व्हरची (याच भाषा-सर्व्हरची) मर्यादा सर्व्हरच्या रॅमप्रमाणे खाली आणा आणि सर्व्हरवर २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असू द्या. पहिल्या दिवशी दुसऱ्या टर्मिनलात टॉप (मेमरीचा वापर दाखवणारी कमांड) चालू ठेवून प्रोजेक्ट उघडा आणि मेमरीचा आकडा कुठे जाऊन स्थिरावतो ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण सर्व्हर पुरेल की नाही ते यातूनच कळतं.

फाइलींवर नजर ठेवणाऱ्या वॉचरची मर्यादाही तपासा. मोठ्या प्रोजेक्टमध्ये ‘वॉच करता येत नाही’ असा इशारा आला तर लिनक्सची आयनोटिफाय वॉचची मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत वाढवता येते. प्रत्येक वॉचला १०८० बाइट लागतात, म्हणजे सगळे वापरले गेले तर साधारण ५४० एमबी रॅम त्यातच जाते. छोट्या सर्व्हरवर मर्यादा वाढवण्याआधी नोड मॉड्यूल्स आणि बिल्डचा फोल्डर वॉचरमधून वगळा; बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

सर्व्हरवर लिनक्सची कुठली आवृत्ती आहे हेही ग्राहकाला विचारून घ्या. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या १.८६ आवृत्तीपासून व्हीएस कोड सर्व्हरला जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा त्यापुढचं लागतं. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे, सेंटओएस ७ मध्ये २.१७. अशा जुन्या सर्व्हरवर रिमोट-एसएसएच जोडलंच जात नाही, आणि ग्राहकाला सर्व्हर बदलायचा नसेल तर निओव्हिम किंवा साधा व्हिम हाच मार्ग उरतो. शिवाय व्हीएस कोड अपडेट झाला की सर्व्हरवरही त्याची नवी आवृत्ती उतरते आणि जुन्या तशाच पडून राहू शकतात. डिस्क लहान असेल तर अधूनमधून त्या फोल्डरात डोकावून साफसफाई करा.

आता तिसरी कसोटी. पाऊस आला, माडाचं चुडत तारांवर पडलं आणि लाइट गेली. व्हीएस कोड ‘पुन्हा जोडत आहे’ म्हणतो. तुमच्या खिडकीतला मजकूर शाबूत असतो, पण सेव्ह होत नाही, कारण फाइल फ्रँकफर्टला आहे. लाइन थोड्या वेळात आली तर तो आपोआप जुळतो. लाइन बराच वेळ आली नाही, किंवा दरम्यान लॅपटॉपही बंद पडला, तर आतल्या टर्मिनलात चाललेलं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) किंवा बिल्ड (कोडची बांधणी) टिकेल यावर मी विसंबत नाही. त्यासाठी टीमक्स आहे. तो सर्व्हरवर चालतो आणि त्याला तुमच्या लाइनशी देणंघेणं नसतं. डेव्ह सर्व्हर, टेस्ट, लॉग, मायग्रेशन सगळं टीमक्सच्या आत सुरू करा. व्हीएस कोडचं टर्मिनल उघडलं की थेट टीमक्सचं ठरलेलं सेशन उघडेल अशी टर्मिनल प्रोफाइल करून ठेवता येते. मग लाइट आल्यावर पुन्हा जोडलं की बिल्ड जिथे चाललं होतं तिथेच दिसतं, किंवा तोवर पूर्णही झालेलं असतं.

एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्येही दोन ओळी घाला. सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० आणि सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ६. आपल्याकडे मोबाइलवर आणि बऱ्याच छोट्या केबलवाल्यांच्या ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, आणि काही वेळ शांत असलेलं कनेक्शन वाटेतलं यंत्र गुपचूप विसरून जातं. तुम्ही जेवून येता, पडदा तसाच दिसतो, पण की दाबली तर काही हलत नाही. दर ३० सेकंदांनी एक छोटा संदेश गेला की हे टळतं, आणि ६ वेळा उत्तर आलं नाही तरच, म्हणजे ३ मिनिटांनी, एसएसएच हार मानतं. एसएसएचची की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली, एडी२५५१९ प्रकारची बनवा आणि तिला पासफ्रेज ठेवा.

हॉटस्पॉटवर मात्र गोष्ट वेगळी होते. एसएसएच टीसीपीवर चालतं. एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे त्याच्यासाठी थांबतात, आणि फायबरवरून मोबाइलवर गेलात की आयपी बदलतो व कनेक्शन मरतं. मॉश हे २०१२ मध्ये एमआयटीतून आलेलं साधन नेमकं यासाठी आहे. ते यूडीपीवर चालतं, आयपी बदलला तरी सेशन चालू राहतं, आणि तुम्ही टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता अंदाजाने लगेच दाखवतं. लॅपटॉप मिटून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाला जाऊन उघडला तरी तेच सेशन समोर येतं. विंडोजवर ते डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालवा. मात्र डब्ल्यूएसएल २ मूळ सेटिंगमध्ये अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतं, म्हणून तुमच्या यंत्रावर त्याला २ जीबीची मर्यादा घाला. मॉशमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरवरचा पोर्ट लॅपटॉपवर आणणं) नाही आणि मागे स्क्रोल करता येत नाही. स्क्रोलची सोय टीमक्स करतो, पोर्टसाठी बाजूला एक साधं एसएसएच लागतंच.

या जोडीला एडिटर म्हणून निओव्हिम. २०२१च्या जुलैत आलेल्या ०.५ आवृत्तीपासून त्यात भाषा-सर्व्हरची सोय अंगभूत आहे, म्हणजे व्याख्येवर उडी मारणं, चुका दाखवणं, नाव बदलणं हे सगळं व्हीएस कोडसारखंच मिळतं. शिकायला वेळ लागतो हे मान्य. पण हाताला वळण लागेपर्यंत रोज थोडा वेळ, आणि तोही लाइन चांगली असताना, त्यात काम करा. वीज गेल्यावर शिकायला बसू नका, तेव्हा माणूस आधीच चिडलेला असतो.

गोव्यात काम करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही शासकीय कामासाठी मान्य झाला, त्यामुळे इथल्या संस्थांच्या साइटवर देवनागरी मजकूर भरपूर असतो. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं. ‘क्षेत्र’ किंवा ‘प्रस्तुत’ लिहिलं की जोडाक्षर फुटतं, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, आणि एक मात्रा पुसायला गेलं की भलतंच काही पुसलं जातं. अशा भाषांतराच्या फाइली व्हीएस कोडच्या खिडकीतच संपादित करा, टर्मिनलातल्या एडिटरात नाही. झेडमध्ये करणार असाल तर आधी एक फाइल उघडून जोडाक्षरं तपासा. सर्व्हरचं लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना हेही पाहा. ते नसेल तर टीमक्समध्ये देवनागरीच्या जागी खुणा दिसतात, आणि मॉश तर सुरूच होत नाही.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. जेटब्रेन्सची गेटवे व्यवस्था चांगली आहे, पुनर्रचनेची साधनं तर अव्वल, पण संपूर्ण आयडीई (एडिटरसह सगळी साधनं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर चालतो आणि त्याला भरपूर रॅम लागते. ग्राहक ८ जीबीचं यंत्र देत असेल तरच विचार करा. झेडचीही मांडणी बरोबर आहे, खिडकी इकडे आणि काम तिकडे, आणि तो हलका आहे. तुमची सगळी एक्स्टेन्शनं त्यात मिळतात का, एवढं बघा. गिटहब कोडस्पेसेसमध्ये (गिटहबची ऑनलाइन यंत्रं) वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. स्वतःच्या शिक्षणासाठी उत्तम, पण कोड सर्व्हरबाहेर न्यायचा नाही या तुमच्या अटीत बसत नाही. ब्राउझरमध्ये चालणारा कोड-सर्व्हर नावाचा एडिटर उसन्या यंत्रावर उपयोगी पडतो, पण त्याचा पोर्ट कधीही थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका.

व्हीटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एसएसएचएफएस गेल्यावर तुम्हाला पुढचा त्रास तिथेच होणार आहे, म्हणून आताच सांगतो. रिमोट-एसएसएच सर्व्हरवरचा ५१७३ पोर्ट आपोआप तुमच्या लॅपटॉपवर आणून देतं आणि पान ब्राउझरमध्ये उघडतं. पण व्हीट डेव्हलपमेंटमध्ये तुमचा कोड एकत्र बांधत नाही, प्रत्येक मॉड्यूल वेगळं पाठवतं. ब्राउझर साध्या एचटीटीपीवर एका पत्त्याशी एका वेळी सहाच कनेक्शन ठेवतो. ६०० मॉड्यूलं असतील तर १०० फेऱ्या, फेरीला १५० मिलिसेकंद, म्हणजे नुसत्या वाटेत १५ सेकंद. शिवाय एक मॉड्यूल आल्यावरच त्याला पुढचं कुठलं हवं ते कळतं. एकदा पान उघडल्यावर बदल मात्र पटकन दिसतात, कारण तेव्हा बदललेलं मॉड्यूलच येतं. म्हणून उगाच पूर्ण रिफ्रेश करू नका. हॉटस्पॉटवर असाल तेव्हा सर्व्हरवर बिल्ड वॉचमध्ये (बदल झाला की आपोआप पुन्हा बांधणी) ठेवून बांधलेलं पान पाहा. प्रत्येक बदलाला काही सेकंद जातील, पण पान मोजक्या विनंत्यांत उघडेल. ग्राहकाने फ्रंटएंडची (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाची) रेपो, म्हणजे कोडचा साठा, लॅपटॉपवर घ्यायला परवानगी दिली तर याहून चांगलं काही नाही. व्हीट लॅपटॉपवर चालवा आणि त्याच्या प्रॉक्सी सेटिंगमधून फक्त एपीआयच्या (सर्व्हरकडे डेटा मागणाऱ्या) विनंत्या फ्रँकफर्टला पाठवा. ही परवानगी मागण्यात संकोच करू नका. विलंबाचे आकडे दाखवून मागितली तर समजूतदार ग्राहक विचार करतो.

सुरक्षेच्या बाबतीत मी कडक आहे. ब्राउझरमध्ये पान दिसत नाही म्हणून व्हीटला होस्ट पर्याय देऊन सगळ्या जगाला उघडं करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका, फॉरवर्ड केलेला पोर्टच वापरा. नोडचा डीबग पोर्ट ९२२९ मूळ सेटिंगमध्ये फक्त त्याच यंत्रापुरता खुला असतो, तो तसाच राहू द्या. तो बाहेर उघडला तर ज्याला सापडेल तो तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. सेव्ह केलं की एफटीपीने अपलोड करणाऱ्या एक्स्टेन्शनपासूनही लांब राहा. त्यांची सेटिंग फाइल प्रोजेक्टमध्येच असते, पासवर्ड त्यात उघडा लिहिलेला असतो, आणि एक दिवस ती गिटमध्ये जाते. रिमोट-एसएसएचमध्ये विश्वास दोन्ही बाजूंनी असतो हेही लक्षात ठेवा: सर्व्हर कुणी ताब्यात घेतला तर त्या जोडणीतून तुमच्या लॅपटॉपवरही कोड चालवला जाऊ शकतो. त्यामुळे अनोळखी सर्व्हरला या पद्धतीने जोडू नका, आणि चालू साइटच्या सर्व्हरवर तर एडिटर उघडूच नका. डेव्हलपमेंटसाठी वेगळं यंत्र मागा.

घरातल्या विजेचं पाहायला विसरू नका. लॅपटॉपला बॅटरी असते, पण फायबरचा ओएनटी (घरात फायबरची तार येऊन जोडली जाते तो डबा) आणि राउटर लाइट गेली की त्याच क्षणी बंद पडतात, आणि तारेत सिग्नल असूनही तुम्ही तुटता. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पुरेल असा घ्या, आणि व्होल्टेज डब्यावरच्या लेबलवर वाचून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर दोन्हींचे प्लग त्याच्या लाइनवर आणा. वीज बराच वेळ गेली तर मोबाइल टॉवरही बॅटरीवर असतो आणि हॉटस्पॉटही मंदावतो. तेव्हा मॉशच काय ते चालतं.

मॉश लावण्याआधी ग्राहकाच्या सर्व्हरवाल्यांना यूडीपीचे ६०००० ते ६१००० हे पोर्ट तुमच्यासाठी उघडायला सांगा. सगळे हजार उघडायला ते तयार नसतील तर दहा-वीससुद्धा पुरतात, मॉशला ती मर्यादा सांगता येते. त्याच मेलमध्ये सर्व्हरची रॅम, लिनक्सची आवृत्ती आणि फ्रंटएंडच्या परवानगीबद्दलही विचारून टाका. रॅम १ जीबी निघाली आणि वाढवायची तयारी नसेल, तर रिमोट-एसएसएचचा नाद सोडा आणि टीमक्समधल्या निओव्हिमपासूनच सुरुवात करा, टाइपस्क्रिप्टचा भाषा-सर्व्हर बंद ठेवून.